पाठ टेकली नाही

पडलं म्हणजे हरलं असं आपल्या कुस्तीत नसतं, हे मला लग्न होऊन शिरगावात आल्यावर कळलं. आमच्या बारवीकडच्या डोंगरातल्या पाड्यात कुठली तालीम नि कुठला आखाडा. माणूस पालथा पडला, दुसरा त्याच्या अंगावर चढून बसला, तरी कुस्ती चालूच. खालचा मातीला चिकटून कितीही वेळ पडून राहील, त्याला कोणी हसत नाही. पाठ टेकली की मात्र संपलं. म्हणून वर बसलेल्याचं काम एकच, खालच्याला उलटा करायचं.

हे मला आमच्या ह्यांनीच शिकवलं, आणि शिकवलं ते माझ्याच अंगावर.

हे अंबरनाथच्या कारखान्यात कामाला आणि गावच्या तालमीतले पैलवान. मी घरात आल्यापासून हे दोनदा चीत झाले होते. सासूबाईंना मी आत्या बोलते. आत्या चारचौघींत बोलायच्या, "बायको आली नि लंगोट ढिला झाला." मला पोर झालं तसं ह्यांना तालमीतच झोपायला लावलं. मी पोराला घेऊन चुलीजवळ, आणि दारात आडवी आत्यांची गोधडी. पाणी प्यायला उठले तरी विचारायच्या, "कुठं गो?"

शिमग्यानंतर जत्रेतली कुस्ती ठरली, उल्हासनगर कॅम्पातल्या एका सिंधी पैलवानाशी. वखारीत लाकडं उचलणारा, मान अशी की खांद्यातून निघाली की कानातून तेच समजू नये. त्या दिवशी आत्यांनी भाकरी थापता थापता मला सांगितलं, आवाजसुद्धा चढवला नाही.

"ह्या बारीला समोरच्याची पाठ लावून आला तर तू घरात. नायतर पोर हितं ठेवायचं नि तू डोंगराला जायचं."

मी बोलले, "आत्या, ते अंगावर पितंय."

"गावातल्या म्हशी काय मेल्या गो?"

तव्यावरची भाकरी मी हातानंच उलटली, भाजलं ते नंतर कळलं.

मी ह्यांना सांगितलं. हे बोलले, "मग मला जिंकायलाच पायजे." बस, एवढंच. आईला काय बोलतील असं मला वाटलं होतं.

त्यात ह्यांच्या जोडीदाराचा खांदा निखळला. बाकीची पोरं सकाळी तालमीत यायची, तेव्हा हे कारखान्यात. दुपारी हे सुटून यायचे तर तालीम रिकामी. आत्या दुपारच्या भाजी घेऊन कॅम्पातल्या बाजारात जायच्या. हे बोलले, "तू पालथी पड. जोर लावत नाय, मांड कशी बसते तेवढं बघतो."

मी हसले. हे हसले नाहीत.

घरातच जमिनीवर पोतं टाकलं, मी पालथी पडले, पोर वर झोळीत. हे बाजूनं येऊन छाती माझ्या पाठीवर टाकायचे, नुसतं वजन, हात काहीच करत नाहीत, तरी माणूस हलू शकत नाही. मग एक पाय आत घालून माझा पाय अडकवायचे, त्याला सवारी बोलतात. मग हात धरून पाठीमागं मुरडायचा. आणि शेवटी घुटना. गुडघा मानेवर ठेवायचा, मागून कमरेला हात घालून उचलायचं, की खालचा माणूस स्वतःच्या डोक्यावरून उलटतो नि पाठीवर येतो. माझ्या कमरेला लंगोट नव्हता, लुगड्याचा काष्टा होता, तोच धरायचे.

अंगाला तेल आणि हळदीचा वास, माझं तोंड पोत्यात, आणि मानेवर गुडघा. हळूच ठेवायचे, पण ह्यांचं हळू म्हणजे काय. श्वास अर्धा आत जायचा नि तिथंच अडकायचा. बोलायला आवाज निघत नसे. माझी नखं शेणाच्या जमिनीत रुतायची, खरवडायची, तो आवाज ऐकला की हे लगेच गुडघा उचलायचे. "झालं झालं, घे श्वास." मग परत. वर झोळीत पोर रडायला लागलं तर माझ्या चोळीला दूध सुटायचं, पोतं ओलं व्हायचं, नि मी खाली.

शेजारीण कुडापलीकडून ओरडायची, "भरदुपारी दार लावून काय चाललंय गो?"

हे आतून बोलायचे, "मेहनत!"

"मला वाटलंच!" आणि ती नि तिची जाऊ खिदळायच्या. मला हसू यायचं, पण हसायला छातीत जागा नसायची.

मी रोज पडले. नाही बोलावं असं वाटायचं, पण माझं पोर माझ्याकडं राहायचं ते त्या गुडघ्यावरच होतं.

जत्रेच्या दिवशी बायका लांब बैलगाडीवर चढून बघत होत्या, आखाड्याजवळ जायचं नसतं. आत्यांनी पोराला आधीच स्वतःच्या कडेवर घेतलेलं. मी मागितलं तर बोलल्या, "राहू दे, सवय होऊ दे."

कुस्ती लागली. फार वेळ नुसती मानगुटीला मानगुट. मग ह्यांनी काय केलं दिसलं नाही, तो सिंधी धाडकन पालथा आदळला. लोक उठले. आणि तो काय करतो, तर हसला. एक हात वर केला, उठायला हात द्या अशासारखा. त्यांच्याकडे कमरेला फडकं बांधून कुस्ती खेळतात, जो पडला तो हरला, संपलं. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा सगळे ओरडत होते, "अरे बघतोस काय! बस वर! मांड टाक! अस्मान दाखव त्याला!"

हे बसले. छाती टाकली, पाय अडकवला, हात मुरडला. सगळं तसंच, त्याच क्रमानं, माझं अंग तिथं गाडीवर आखडत होतं. मग घुटना. सिंध्याचं तोंड आमच्या बाजूला वळलेलं, डोळे मोठे, त्याला कळतच नव्हतं की पडल्यावर हा अजून का मारतोय. कमरेला हात गेला, तो उचलला जायला लागला, एक खांदा खाली आला. मी मनात बोलले, देवा, आता.

आणि त्यानं मातीत नखं खुपसली. माती खरवडली.

ह्यांनी गुडघा उचलला.

मला माहीत आहे तो का उचलला. गाडीवरच्या आणखी कोणाला माहीत नव्हतं. तो सुटला, लोळत बाजूला गेला, उठून खोकत उभा राहिला. परत भिडलेच नाहीत. त्याचं म्हणणं भिडायचं कशाला?

"यार, मैं तो गिर गया था! गिर गया तो हार गया, फिर ऊपर क्यों बैठा?" असं बोलून त्यानं स्वतःच ह्यांचा हात धरून वर केला. "ये जीता!"

आमचे पंच बोलले, "पाठ कुठं टेकली? कुस्ती बरोबरीत." त्याच्या कॅम्पातली माणसं बोलत होती तुमचा जिंकला, आणि आमची माणसं बोलत होती नाही जिंकला. असं भांडण मी कधी ऐकलं नाही. बायका हसत होत्या. मी आत्यांकडे बघत होते.

आत्या बोलल्या, "पाठ नाय टेकली."

मी बोलले, "आत्या, तो स्वतः हरलो बोलतोय."

"त्याच्या घरात. माझ्या घरात नाय."

घरी आल्यावर पोर माझ्याकडे दिलंच नाही. म्हशीचं दूध वाटीनं पाजलं, त्यानं ओकून टाकलं. परत पाजलं, परत ओकलं. रडून रडून निळं पडायला लागलं तसे हे उठले, पोर आत्यांच्या हातातून काढून माझ्या मांडीवर ठेवलं. लग्न झाल्यापासून ह्यांनी आईच्या हातातून काही काढून घेतलेलं मी पहिल्यांदा बघितलं. बोलले, "अंगावर पितंय तोवर ही कुठं जाणार नाय."

आत्या बोलल्या, "आणि तुटल्यावर?"

हे उठून तालमीत झोपायला गेले.

तेच ठरलं मग. पोर अंगावरनं तुटलं, प्यायचं थांबलं की मी जायचं.

आता ते चालतं. पेज खातं, भाकरी खातं, मावरं काटे काढून दिलं तर दोन्ही हातांनी खातं. दात आलेत, चावतं, रक्त निघतं. आत्या रोज विचारतात, "अजून पितंय? घोडा झाला की." कधी शेजारणीला सांगतात, "तिलाच सोडवत नाय." हे ऐकतात नि कामाला जातात. मला परत कधी पोत्यावर पड बोलले नाहीत.

आज सकाळी आत्यांनी कडुनिंबाचा पाला पाट्यावर वाटला. त्याचा लेप छातीला लावला की पोर तोंड लावत नाही, सगळ्या बायका तसंच तोडतात. वाटी माझ्या हातात दिली नि बोलल्या, "लाव, माझ्यासमोर नको, आत जाऊन लाव."

मी आत आले, दार लोटलं. लेप छाती सोडून दंडाला नि गळ्याला चोळला, आत्यांना वास यायला पाहिजे म्हणून. उरलेला चुलीतल्या राखेत पुरला. मग पोराला हळूच हाक मारली.