गुडघ्यांवर हात

“साहेब शिवी देतो तेव्हा तो रागावला म्हणतात, पोर देतं तेव्हा ते बिघडलं म्हणतात. हे ठरवलं कुणी?” असा प्रश्न तिने मला विचारला होता. बालभाषेच्या माझ्या अभ्यासाच्या निमित्ताने आमची भेट झाली होती; त्या अभ्यासाच्या परिभाषेत हा प्रश्न कुठेच बसत नाही.

ती शर्ट शिवण्याच्या एका कारखान्यातल्या पाळणाघराची मावशी. आधी अकरा वर्षं तिने त्याच कारखान्यात कॉलर शिवल्या. मग एकदा मशीनची सुई तर्जनीच्या नखातून आरपार गेली, बोट वाकेनासं झालं, आणि व्यवस्थापकांनी मोठ्या मनाने तिला मुलांजवळ बसवलं. हे काम सुटलं तर तिच्यासाठी दुसरं काम नव्हतं. वाकडं बोट घेऊन कोणत्या शिलाईच्या दारात उभं राहणार?

पाळणाघर म्हणजे शिलाईच्या हॉलचाच एक कोपरा, प्लायवूडच्या छातीएवढ्या फळीने तोडलेला. फळीच्या अलीकडे सोळा मुलं, पलीकडे त्यांच्या आया आणि चाळीस मशीनं. मशीनांच्या खडखडाटावर एकच आवाज चढत असे, सुपरवायझरचा. बायका त्याला पाठीमागे ‘भोंगा’ म्हणत. त्याच्या तोंडून बाईला हाक अशी कधी निघालीच नाही. निघे ती जनावराच्या नावाने, नाहीतर तिच्या आईच्या उद्धाराने. त्या शब्दांची यादी मी इथे देणार नाही. मुलांना ती पाठ होती, एवढं पुरे.

मुलं दिवसभर ‘कारखाना’ खेळत. उलटी स्टुलं म्हणजे मशीनं. सदा टोपी घालणारी, आणि म्हणून स्वतःलाच टोपडी म्हणवून घेणारी चार वर्षांची मुलगी सुपरवायझर होई. कमरेवर हात ठेवून ती दोन वर्षांच्या पोराला म्हणे, “ए म्हशे, हात चालव, नाहीतर लाथ घालून बाहेर काढीन.” पुढचा शब्द ऐकून मावशीच्या अंगाचा तिळपापड होई. तिला राग टोपडीचा येत नसे.

वर्षातून एकदा माल घेणाऱ्या कंपनीचे पाहुणे कारखाना बघायला येत. त्या वर्षी तीन महिने आधीच व्यवस्थापकांनी मावशीला बोलावलं. ते कुणालाही ‘अहो-जाहो’ केल्याशिवाय बोलत नसत.

“मावशी, मुलांच्या भाषेकडे आपण जरा लक्ष द्यावं. पाहुण्यांसमोर शोभणार नाही.”

“साहेब, फळी उंच करून द्या. भाषा आपोआप सुधारेल.”

“विनोद पुरे. संस्कार लहानपणीच करावे लागतात.”

तिने संस्कार केले. तोंडाला मिरची लावणं तिला मान्य नव्हतं आणि ‘असं बोलू नये’ या वाक्याचा काडीचा उपयोग होत नाही, हेही तिने पाहिलं होतं. तिची पद्धत साधी होती. कुणी वाईट बोललं की बाकीच्यांनी हातातलं खाली ठेवायचं, हात गुडघ्यांवर घ्यायचे आणि थांबायचं. बोलणाऱ्याने तेच म्हणणं नीट शब्दांत पुन्हा सांगेपर्यंत खेळ बंद. “राग येऊ दे,” ती म्हणे, “रागाला कुणाची मनाई नाही. पण असं बोल की समोरच्याला उत्तर देता येईल.”

नियम आयांनाही लागू होता. तान्ह्याला पाजायला आलेली टोपडीची आई एकदा म्हणाली, “आज सकाळपासूनच सुटलाय मेला भोंगा.” खेळणाऱ्या सगळ्या मुलांचे हात गुडघ्यांवर गेले.

“अगं बाई, हे काय नवीन?”

“पुन्हा सांग,” टोपडी म्हणाली.

“बरं, माझी आई. साहेब आज फार ओरडतायत. झालं समाधान?”

मुलं पुन्हा खेळायला लागली. मोठ्यांनाही नियम लागू, हे त्यांना त्या दिवशी पक्कं कळलं. तो फळीपाशी संपतो, हे त्यांना सांगायचं मावशीच्या मनातही आलं नाही.

पाहुणे आले. व्यवस्थापकांनी अभिमानाने पाळणाघर दाखवलं. मुलं ‘नमस्कार’, ‘बसा’, ‘पाणी हवं का’ असं सगळं म्हणाली. तेवढ्यात पलीकडे कॉलरचा एक गठ्ठा उलटा शिवलेला सापडला, आणि पाहुणे हॉलमधून पुढे गेले अशा समजुतीत सुपरवायझरने टोपडीच्या आईवर तोंड सोडलं.

मुलांनी ठोकळे खाली ठेवले. हात गुडघ्यांवर. पाहुण्यांना वाटलं, हा कवायतीचा भाग. टोपडी मात्र स्टुलावर चढली, फळीवरून डोकं काढून म्हणाली, “काका, पुन्हा सांगा. रागावून सांगा, पण नीट सांगा. आम्ही थांबलोय.”

जवळची दोन मशीनं थांबली, मग सगळी रांग. पाहुण्यांपैकी एकाने वहीत काहीतरी लिहिलं.

संध्याकाळी व्यवस्थापक अत्यंत सभ्य शब्दांत म्हणाले, “उद्या हजेरीच्या वेळी मुलं सुपरवायझरांची सर्वांसमोर क्षमा मागतील. आपण ती मागवून घ्यावी. अन्यथा आपली सोबत इथेच थांबेल.”

“त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले, साहेब. दगड नाही उचलला.”

“उद्या सकाळी आठ वाजता,” ते म्हणाले.

फाटकाशी टोपडीच्या आईने तिला गाठलं. “माफी मागून मोकळी हो मावशी. शिव्यांनी काय अंगाला भोकं पडतात? तुझ्या शिकवणीपायी माझं काम जाईल.”

“तुझ्या पोरीला काय सांगू? तुझी चूक झाली, म्हणून?”

“सांग काहीही. पोट भरल्यावर मान बघू.”

मावशीला राग आला. पण या बाईवर तो काढणं म्हणजे पुन्हा सुपरवायझरचंच काम करणं, हे तिला कळत होतं. ती घराकडे चालू लागली.

सकाळी तिने मुलांना रांगेत उभं केलं. समोर चाळीस बायका, बाजूला व्यवस्थापक, मध्ये सुपरवायझर.

“चूक झाली की माझी मुलं माफी मागतात,” ती म्हणाली. “पण आधी चूक काय ते त्यांना कळायला हवं. साहेब, तुम्ही काल हिच्या आईला काय म्हणालात, तेवढं सगळ्यांसमोर एकदा सांगा. मग आम्ही मागतो.”

सुपरवायझरने व्यवस्थापकांकडे पाहिलं. “पोरांसमोर ते कसं बोलायचं?” तो म्हणाला.

“पोरं कालही इथेच होती की.”

मागच्या रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. टोपडीची आई जमिनीकडे बघत होती. व्यवस्थापक म्हणाले, “मावशी, आपण दुपारपर्यंत आपलं सामान आवरावं.” या वाक्यात एकही वाईट शब्द नव्हता. मुलांचे हात बाजूलाच राहिले. थांबावं असं त्यात काही आहे, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

तिचं सामान म्हणजे एक पिशवी आणि पाण्याची बाटली. माफी मात्र कुणीच मागितली नाही.

सुपरवायझर २००९ सालच्या एप्रिलमध्ये, त्याच कारखान्याचा व्यवस्थापक म्हणून निवृत्त झाला.