सैनिकांचा घास

खिडकीतून ऊन आत आलं आहे आणि माझ्या हातातली पेज निवत चालली आहे. लेकीला कालपासून ताप आहे, काही केल्या खात नाही. शेवटी मी तिला सांगितलं, तुझ्या अंगात जंतू शिरलेत, पण त्यांच्याशी लढणारे सैनिकही आतच आहेत. अंग तापलंय ते त्या लढाईनं.

"ते जेवलेत का?" तिनं विचारलं.

एरवी आमच्याकडे घास चिऊचा असतो, काऊचा असतो. आज म्हटलं, हा सैनिकांचा. तिनं मुकाट्यानं तोंड उघडलं. पुढच्या घासाला मात्र थांबली. "आई, जंतूंनाही यातलंच मिळतं?"

मुलांना सांगताना आपण लढाईचा शेवट आधीच ठरवून टाकतो. मला तर तिच्या कातडीपलीकडचं काहीच दिसत नाही. कपाळाला पुन्हा पुन्हा हात लावते, तो भाजतो. पण सैनिक जिंकताहेत की दमलेत, ते त्यावरून कळत नाही.

"नाही," मी म्हणाले, "त्यांना आपण वाढतच नाही."

तिला पटलं. तिनं मोठा आ केला. मलाही त्या क्षणी कुणीतरी असाच एक घास भरवायला हवा होता.