दवाखान्याच्या बर्फाचा भाव

अमरावतीतले आमचे शेजारी, गणिताचे सर, बोलता बोलता हवेत बोटानं वक्ररेषा काढायचे. एका कडक उन्हाळ्यात त्यांचे घरमालक, बर्फाच्या कारखान्याचे शेठ, आले.

"सर, सगळ्यात जास्त नफा कोन्त्या भावात?"

सरांनी नफ्याच्या वक्ररेषेचं शिखर शोधायला पाटीवर विकलन करून ते शून्याबरोबर मांडलं आणि सरबतवाल्यांसाठी भाव काढून दिला.

"आता दवाखान्यासाठी काढा."

सरांचं बोट थांबलं. "उष्माघातवाला भाव पाहून बर्फ सोडत नाही. भाव चढवाल तसा नफा चढते. याले शिखरच नाही."

"मंग किती चढवू?"

"तो आकडा मी देणार नाही."

"मंग घर खाली करा."

सर घर सोडून बडनेऱ्याला राहायला निघाले तेव्हा मी म्हटलं, "एखादा आकडा सांगून टाकायचा, सर."

"शेठ म्हणाला असता, हा भाव गणितानं ठरवला."