नरम टायर, जुना हात

सविता सुरवाडे यांना त्या रविवारी एका मिनिटाच्या आत यायचे होते.

धुळ्याबाहेर बंद पडलेल्या एका जिनिंगच्या आवारात, जिथे पूर्वी कापसाचे ढीग लागत, तिथे आता डांबराचा वळणदार ट्रॅक आहे. महिन्यातल्या एका रविवारी हौशी माणसे आपापल्या मोटारसायकली घेऊन येतात आणि रस्त्यावर जे करणे गुन्हा ठरेल ते इथे शिस्तीने करतात. एक फेरी मिनिटाच्या आत पूर्ण करणाऱ्याला वेगवान गटात जागा मिळते आणि इतरांना ट्रॅकवर शिकवण्याची परवानगी फक्त त्या गटाला असते. सविताताईंना ती परवानगी हवी होती. जळगावात बायकांना दुचाकी शिकवण्याचा त्यांचा वर्ग आहे. अंगणवाडी सेविका, परिचारिका, शिक्षिका, सुनेच्या आधी गाडी शिकायची म्हणून आलेल्या सासवा, असा त्यांचा विद्यार्थिवर्ग. या बायकांनी एकदा तरी मोकळ्या जागेत, मागून येणाऱ्या ट्रकच्या धाकाशिवाय, गाडी कुठवर झुकते आणि कुठे सुटते हे स्वतःच्या अंगाने अनुभवावे, असा त्यांचा आग्रह होता. बाईला गाडी शिकवतो म्हणताना आपला समाज तिला बहुधा थांबायलाच शिकवतो, हे त्यांनी इतक्या वर्षांत जवळून पाहिले होते.

पण घड्याळ ऐकत नव्हते. सगळा हिवाळा ते त्यांना मिनिटाच्या दोन सेकंद पलीकडे अडवून धरत होते.

दोष टायरचा असावा, असे त्यांना वाटे आणि तसे वाटण्यास आधार होता. त्यांच्या मोटारसायकलला रस्त्यावरचे साधे टायर होते. त्यांचे रबर कडक असते. ते टिकते, पण वळणात फार झुकले की पकड सोडू लागते. ट्रॅकसाठीचे रबर नरम असते. ते तापते, डांबराला धरून राहते आणि लवकर झिजते. ट्रॅकचे मालक अभयकुमार यांचे धुळ्यात टायरचे दुकान आहे. त्यांनी नरम टायरची एक जोडी सविताताईंना त्या दिवसापुरती वापरायला दिली होती. एकच गाडी, एकच चालक, एकाच दिवसाचे ऊन. आधी जुने टायर, लगेच नंतर नवे. तुलना करायची तर ती अशीच व्हायला हवी, यावर दोघांचे एकमत होते.

नवे टायर बसवण्याचे काम अभयकुमारांचा पुतण्या अमन करणार होता. तो स्वतः वेगवान गटात होता आणि जिभेनेही तितकाच वेगवान होता.

"ताई, हे टायर म्हणजे जावई समजा," तो म्हणाला. "थंड असले की रुसतात. दोन फेऱ्या मारून गरम करा, मग बघा कसे चिकटतात."

"आणि झिजतात लवकर?"

"जावईच ते. परवडतात कुठे?"

ऊन चढल्यावर सविताताई जुन्या टायरवर बाहेर पडल्या. फेरीची वेळ दाखवणाऱ्या पडद्यावर आकडा उमटला: एक मिनिट दोन सेकंद. तो अपेक्षितच होता. मग चाके उतरली, नवे टायर चढले, हवा मोजून भरली गेली आणि त्या पुन्हा निघाल्या. पहिल्या फेरीत गाडी अवघडल्यासारखी चालली. दुसरीत टायर तापले. तिसरीत, पहिल्याच वळणावर, त्यांना असे काही जाणवले की हेल्मेटच्या आत त्या मोठ्याने हसल्या. गाडी झुकत होती आणि झुकतच होती. खालचे डांबर चाकाला जणू हाताने धरून होते. जिथे एरवी छातीत धस्स होत असे तिथे आता नुसता आनंद होता. परतल्यावर हातमोजे काढता काढताच त्यांनी अमनला विचारले.

"किती?"

अमनने नुसते पडद्याकडे बोट केले.

एक मिनिट दीड सेकंद.

"दुकानदार म्हणून विचाराल तर टायर उत्तम आहे," अभयकुमार सावकाश म्हणाले. "खरं विचाराल तर तुम्हाला त्याचा उपयोग नाही, ताई. राहू द्या."

"काका, तुम्ही दुकानच बंद करा," अमन म्हणाला. "गिऱ्हाईक समोर उभं आहे!"

सविताताई गुडघ्यावर बसल्या आणि त्यांनी मागच्या चाकावर तळवा ठेवला. रबर गरम होते, मधोमध त्याच्या बारीक गोळ्या झाल्या होत्या. पण कडेची एक पट्टी, जी गाडी पूर्ण झुकली तरच डांबराला लागते, अजून कोरी, चकचकीत होती. म्हणजे टायरकडे पकड शिल्लक होती आणि ती त्यांनी मागितलीच नव्हती. मग ती कुठे राहिली?

कुंपणालगतच्या कडुलिंबाखाली द्रौपदाबाई बसल्या होत्या. वर्गातल्या सर्वांत वयस्क विद्यार्थिनी. माहेर धुळ्याकडचे, सासर असोद्याचे. साठी जवळ आल्यावर त्या स्कूटर शिकल्या आणि आता असोद्याहून जळगावच्या बाजारात स्वतः जातात. आपल्या बाई एवढ्या लांब जाऊन काय करतात हे पाहायला त्या आल्या होत्या. सविताताई पाणी प्यायला जवळ आल्या तेव्हा त्यांनी आपल्या अहिराणीत मनापासून कौतुक केले.

"मॅडम, तुम्ही भलत्या पक्क्या शेतस. आम्हले जे शिकाडं, तेच सोता करतस."

"काय करते मी, अक्का?"

"तो काया डाग शे ना," त्यांनी तिसऱ्या वळणाकडे बोट केले, "तठे दर खेपले तुमनी गाडीना आवाज पडस. बराबर हात सोडतस तुम्ही. केयना पाला पडेल शे का तठे?"

"केळीचा पाला? इथे कुठून येणार केळीचा पाला?"

"मंग हात का बरं सोडतस?"

सविताताईंनी ग्लास खाली ठेवला आणि तिसऱ्या वळणाकडे पाहिले.

तिसऱ्या वळणावर डांबराचा एक तुकडा नव्याने भरला होता आणि तो भोवतालपेक्षा काळा दिसत होता. एवढेच. तो कोरडा होता, खडबडीत होता, आणि अमनच्या मते सगळ्या ट्रॅकवर चाकाला सर्वांत घट्ट धरणारी जागा तीच होती. पण सविताताईंच्या अंगाला डागाचा अर्थ निराळा ठाऊक होता. लग्नानंतरच्या वर्षांत त्या आरोग्य सर्वेक्षणाच्या कामासाठी गावोगाव हिंडत. सावद्याच्या रस्त्यावर केळीच्या गाड्यांतून पडलेला पाला आणि दांडे चाकांखाली चिरडले जात, त्यांचा चीक डांबरावर काळा पडे, आणि अशाच एका डागावर त्यांची स्कूटर पायाखालून निघून गेली होती. गळ्याजवळचे हाड मोडले. पुढे वर्ग सुरू झाला तेव्हा पहिल्याच दिवशी शिकवायचा नियम ठरून गेला: डाग दिसला की हात सोड. हात सोडणे म्हणजे उजव्या मुठीतला अ‍ॅक्सिलरेटर सैल करणे, वेग आपसूक उतरू देणे. हा नियम खोटा नव्हता. केळीच्या मुलखात त्याने कितीतरी बायकांना पडण्यापासून वाचवले असेल. पण जे ज्ञान आपण एका जागी जखमेतून मिळवतो ते दुसऱ्या जागी नेताना पुन्हा तपासत नाही. ते हाडांत जाऊन बसते आणि मग आपल्या वतीने तेच निर्णय घेते. सविताताई सकाळपासून दोन टायरांची तुलना करीत होत्या आणि दोन्ही वेळा घड्याळाने त्यांच्या उजव्या हाताचीच नोंद केली होती.

"अमन!" त्या ओरडल्या. "हेल्मेट घाल. तू पुढे, मी मागे."

"कुठे?"

"डागावरून."

सविताताईंनी सावद्याची गोष्ट थोडक्यात सांगितली तेव्हा अमनला सगळे कळायला क्षण लागला, आणि मग तो पोट धरून हसला. "ताई, आम्ही टायरला शिव्या देत होतो आणि तुम्ही सावद्याहून केळी घेऊन आलात! चला. मी पडलो तर मात्र मागोमाग येऊ नका."

पहिल्या फेरीत हात सुटला. त्यांनी हाताला बजावले होते, तरी सुटला. दुसऱ्या फेरीत सुटला, पण अर्धा. अमनची गाडी पुढे त्या काळ्या तुकड्यावरून जराही न डगमगता निघून जात होती, आणि तिसऱ्या फेरीत सविताताईंनी डागाकडे पाहिलेच नाही. त्यांनी अमनच्या पाठीकडे पाहिले. हात राहिला. गाडी काळ्या डांबरावर कलली, टायरने पकडले, इतके घट्ट पकडले की सगळे वळण एका श्वासात मागे गेले आणि समोर लांब सरळ पट्टा उघडला. त्या पट्ट्यावर आजवर कधी नव्हता असा वेग त्यांच्या हाती होता. लिंबाखाली द्रौपदाबाई उठून उभ्या राहिल्या. या खेपेला आवाज पडला नव्हता.

एकोणसाठ सेकंद आणि वर थोडे.

अमनने गाडी उभी करण्याआधीच हात उंचावले होते. अभयकुमार, जे सहसा आवाज चढवत नाहीत, कुंपणापलीकडून ओरडले, "झालं, ताई! झालं! परवानगी तुमची!"

"टायर काढा," सविताताई म्हणाल्या.

"काय?"

"जुने परत लावा, अभयभाऊ. सकाळचा आकडा टायरचा नव्हताच. माझ्या बायका नरम टायर लावून येणार नाहीत. त्यांच्या टायरवर काय होतं ते मला माहीत नको?"

"ताई, अहो मिनिट फुटलं की!" अमन कळवळला. "जरा जेवू तरी द्या!"

पण चाके बदलली गेली, कारण तोवर अमनलाही उत्सुकता लागली होती. जुन्या टायरवर त्यांनी डाग ओलांडला तेव्हा मागचे चाक किंचित सरकले, त्यांना ते स्पष्ट कळले, आणि तरीही हात जागेवर राहिला. एक मिनिट आणि जेमतेम एक सेकंद. मिनिटाच्या बाहेरच, पण सविताताईंना झालेला आनंद पहिल्यापेक्षा कमी नव्हता. आता दोन टायरांत खरोखर किती अंतर आहे ते दिसत होते, आणि जुना टायर कुठवर साथ देतो, कुठे कुरकुरतो, हे त्या कोणालाही सांगू शकत होत्या.

द्रौपदाबाईंना मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. "मंग आम्ही काय करवानं, मॅडम? हात सोडवाना का नई?"

सविताताईंनी हेल्मेट काढले. त्या म्हणाल्या, "आधी डाग कशाचा आहे ते बघायचं, अक्का. चला, बघू."

जेवणाच्या सुट्टीमुळे ट्रॅक रिकामा होता. दोघी चालत तिसऱ्या वळणापर्यंत गेल्या. द्रौपदाबाईंनी चप्पल काढली आणि तळपाय त्या काळ्या तुकड्यावर घासून पाहिला, एकदा हलका, एकदा जोर लावून.

"हाई ते कोरडं शे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मान वर केली. "गाडी आना."

अमन फाटकावरच्या रखवालदाराची स्कूटर मागून घेऊन आला. द्रौपदाबाईंनी पदर खोचला, हेल्मेट घातले आणि रस्त्यावर जातात त्याच बेताने निघाल्या. सविताताई वळणाच्या आतल्या बाजूला, गवतात उभ्या राहिल्या. स्कूटर डागाजवळ आली. द्रौपदाबाईंचा उजवा हात सैल पडू लागला.

"राहू द्या! हात राहू द्या, अक्का!"

स्कूटरचा आवाज क्षणभर खाली आला, तिथेच अडखळला, आणि डागाच्या अलीकडेच पुन्हा चढला.