मंदारने आमची फर्नेस चालू केली

मंडळी, घर गरम झालंय, पण माझा मूड गेलाय.

सकाळपासून आमची फर्नेस, म्हणजे घरभर गरम हवा सोडणारी बेसमेंटमधली भट्टी, पेटायची आणि पाच मिनिटांत विझायची. बाहेर बर्फ. मी पुण्याचा मेकॅनिकल इंजिनिअर, त्यामुळे कुणालाही बोलवायचं नाही असं ठरवून बेसमेंटमध्ये व्हिडिओ बघत बसलो. व्हिडिओत सांगितलं तसा, ज्योत पेटली की नाही ते ओळखणारा फ्लेम सेन्सर काढून तीनदा घासला. फर्नेस परत विझली.

मग बायकोने मला न विचारता शेजारच्या मंदारला फोन केला. तो बीकॉम आहे. आला, हवेचा फिल्टर ओढून बाहेर काढला आणि म्हणाला, "दादा, यातून हवाच जात नाहीये. फर्नेस आतून जास्त तापते, म्हणून बंद होते."

तो फिल्टर मीच लावला होता. फोडणीचा वास घरभर फिरू नये म्हणून दुकानातला सगळ्यात जाड आणला आणि वर्षभर बदलायचं विसरलो.

नवीन फिल्टर घातल्यावर फर्नेस चालू राहिली. बायकोने त्याला आलं घालून चहा दिला. मला सकाळी नुसतं "ओट्यावर ठेवलाय" एवढंच.

वर मंदार म्हणतो, "वहिनी, मागच्या वर्षी मीही हीच चूक केली होती." तो गेल्यावर ती म्हणाली, "किती प्रामाणिक आहे ना."

आता घरात बहात्तर डिग्री फॅरनहाइट आहे आणि मी जॅकेट घालून बसलोय. "अजून थंडी वाजतेय?" तिने विचारलं. मी हो म्हणालो.

तुमच्या शेजारी आहे का असा कुणी मंदार? त्याला एखादी तरी गोष्ट येत नसेल ना?