एक्केचाळीस तारे आणि लेम स्पायव्ही

लेम स्पायव्ही आमच्या हार्लो फोर्ड गावात घोड्यांची खोगिरं शिवायचा. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेल्या नॉर्थ कॅरोलिनाच्या आमच्या पलटणीचा तो निशाणदार होता. शरणागतीच्या सकाळी झेंडा शत्रूच्या हाती द्यायचा नाही असं ठरलं, आणि लेमनेच तो कापला. झेंड्यावरचे तेरा तारे, राज्यामागे एक, तेरा जणांनी घेतले, लाल कापडाच्या चिंध्या बाकीच्यांनी खिशात घातल्या. ते युद्ध गुलामगिरी टिकवण्यासाठी होतं हे आमच्याकडच्या भाषणांत कुणी बोलत नसे. झेंड्याबद्दल मात्र सगळे बोलत, तासतासभर बोलत.

लेमला ना बायको, ना चार शब्द बोलायची हातोटी. दर दहा मे रोजी स्मृतिदिनाच्या मिरवणुकीत सर्वांच्या पुढे चालायचं, एवढाच त्याचा मान.

१९०७ साली महिला मंडळाच्या अध्यक्षा मिसेस व्हिटलो यांनी ठरवलं, की सगळे तारे गोळा करून झेंडा पुन्हा शिवायचा आणि राज्याच्या राजधानीत, रॅली शहरातल्या संग्रहालयात पाठवायचा. माजी सैनिक संघटनेचा चिटणीस मी. लेम माझ्याकडे आला.

“ऑरिन, हे थांबव.”

“का रे?”

“थांबव म्हणतो ना.”

पण मिसेस व्हिटलोंना थांबवणारा अजून जन्माला यायचा होता. शनिवारी सकाळी चर्चच्या दालनात सगळे जमले. टेबलावर तारे मांडले. मी दोनदा मोजले. एक्केचाळीस भरले.

“झेंड्यावर तेरा होते,” मिसेस व्हिटलो म्हणाल्या. “बाकीची अठ्ठावीस राज्यं आपण कधी जिंकली, सार्जंट?”

“माझा खरा आहे, बाई,” सार्जंट ईनॉक क्राउस उसळला. “गोळीचं भोक आहे त्याला!”

“भोक जवळजवळ सगळ्यांनाच आहे. आणि सगळी एकाच मापाची. शत्रूकडे एकच गोळी होती की काय?”

ईनॉकने भोकाकडे पाहिलं, मग लेमनेच शिवून दिलेल्या स्वतःच्या पट्ट्याच्या भोकाकडे. हळूहळू सगळ्या माना लेमकडे वळल्या. तो उठला.

“अठ्ठावीस नाहीत. एकोणचाळीस मी केलेत. मांजरपाटाचे, कॉफीत बुडवून. खरे दोनच उरलेत, बिनभोकाचे. एक माझा, एक ऑरिनचा.”

“पण का?”

“विधवा दारात यायच्या. आमच्या ह्यांचा तारा कुठं गेला, विचारायच्या. त्यांचे नवरे तर झेंडा कापायच्या आधीच हगवणीनं गेलेले. काय सांगणार?”

त्यांतलीच एक, टॅबिथा लाउडर, मेल्यावर नवऱ्याचा तारा छातीशी ठेवून स्वतःला पुरून घेणार होती. “लेम, माझासुद्धा?”

लेमने मान खाली घातली. “तुझासुद्धा, टॅबी.”

“तरीच! साखर घातली होतीस कॉफीत. दर उन्हाळ्यात मुंग्या लागतात मेल्या.” असं म्हणून तिने तो उचलला, फुंकर मारली आणि पर्समध्ये ठेवला.

मिसेस व्हिटलोंना मात्र हसू आलं नाही. “ही फसवणूक आहे. असा माणूस मिरवणुकीत पुढे चालणार नाही. याचं नाव संघटनेच्या यादीतून काढा. चिटणीस, मतं घ्या.”

लेमचा चेहरा कॉफीत न बुडवलेल्या मांजरपाटासारखा झाला.

“काढाच!” ईनॉकने हात उंचावला.

“ईनॉक,” लेम हळूच म्हणाला, “विधवा एकोणीसच होत्या. बाकीचे वीस जण इथंच बसलेत. कुणाचा तारा नदीत गेला, कुणाचा पत्त्यांत. कुणाला मिळालाच नव्हता, पण घरी सांगून बसला होता. नावं सांगू?”

ईनॉकचा हात अर्ध्यावर थबकला. त्या हाताने त्याने कान खाजवला.

नियमाप्रमाणे मी विचारलं, “नाव काढावं असं ज्यांचं मत आहे त्यांनी हात वर करावेत.”

सगळ्यांना एकदम छताची तुळई पाहण्यासारखी वाटली. एकही हात वर आला नाही. ठराव नामंजूर, असं मी लिहिलं. तोवर टेबलावरचे तारे ज्याचे त्याने खिशात घातले होते.

रॅलीच्या संग्रहालयाला पत्र मीच धाडलं, की क्षमस्व, झेंडा पाठवता येत नाही, तो अजून वापरात आहे.