काकांचं बिनइंजिनाचं विमान

भुतंखेतं, चमत्कार यांवर माझा काडीचा विश्वास नाही. हे लिहितेय ते वैतागून. कुणाला काही सुचलं तर सांगा.

मी बाबांबरोबर भोपाळला अवधपुरीत राहते. बाबा ब्याऐंशी वर्षांचे, कारखान्यातून निवृत्त. हल्ली त्यांनी एकच धोशा लावला होता - "धाकट्याने पिपलानीच्या क्वार्टरमागे विमान बांधलं होतं. मी उडवलंय ते." धाकटा म्हणजे माझे दिवंगत काका; पिपलानी म्हणजे कारखान्याची वसाहत, पूर्वी आम्ही तिथे राहायचो. पुण्याच्या दादाला हे कळल्यावर त्याने निकालच दिला, "मंजू, त्यांना भ्रम होतोय. इथे एक चांगला वृद्धाश्रम बघितलाय. पुढच्या आठवड्यात घेऊन जातो."

बाबांना भोपाळ सोडायचं नव्हतं. आणि फोटो तर होता! खंडेनवमीचा - लाकडी विमान, एकामागे एक दोन पंख, नाकावरच्या पंख्याला झेंडूची माळ, शेजारी काका. म्हटलं, हे विमान कोणतं ते शोधू, म्हणजे दादाचं तोंड बंद होईल.

जुन्या विमानांच्या एका ग्रुपवर फोटो टाकला. चार दिवस नुसते वाद. शेवटी एका निवृत्त वैमानिकांचा फोन आला. फ्रेंच आराखड्यांवरून घरी बांधायचं, एकट्याने बसायचं विमान. भारतात त्यांनी एकही पाहिलेलं नाही. मी खूश झाले. तेवढ्यात ते म्हणाले, "लेकिन मॅडम, फोटो बड़ा करके देखिए. इसमें इंजिन है ही नहीं. ये तो लकड़ी की अलमारी है. कैसे उड़ेगी?"

मोठा करून पाहिला. खरंच. नाकाच्या भोकातून मागची भिंत दिसत होती!

संध्याकाळी दादाचा व्हिडिओ कॉल. इंजिनाचं ऐकून तो म्हणाला, "बघ, मी म्हणत होतो ना?" मी बाबांवरच चिडले. "अहो बाबा, इंजिन नव्हतं हे आधी सांगायचंत ना!"

"आलंच नाही कधी," बाबा शांतपणे म्हणाले. "म्हणून तर कुणाला आवाज आला नाही."

दादाने कपाळाला हात लावला. बाबा उठले, कपाटातून दुसरा एक फोटो काढला आणि माझ्या हातात दिला.

"हा आधी का नाही दाखवलात?"

"तू विमान कोणतं ते विचारत होतीस. हा कुठे मागितलास?"

फोटो वरून काढलेला. कोपऱ्यात लाकडी पंखाची कड, वाऱ्यावर ताणलेली झेंडूची माळ. खाली आमचं क्वार्टर. अंगणात आई, हातात रांगोळीचा डबा, मान वर. शेजारी काका, दोन्ही हात हवेत.

मी तो कॅमेऱ्यासमोर धरला. दादा स्क्रीनजवळ सरकला. मग म्हणाला, "पाण्याच्या टाकीवर चढून काढला असेल."

"टाकी खाली दिसतेय, दादा. डावीकडे. तिचं झाकणसुद्धा दिसतंय."

दादाने तिकिटं रद्द केली. वैमानिकांनाही हा फोटो पाठवलाय. जीपने ओढून उडवलं म्हणावं तर क्वार्टरमागे जेमतेम भाजीच्या वाफ्याएवढी जागा. पतंगाला कॅमेरा बांधला म्हणावं तर पंख कुठून आला? माझ्याकडे उत्तर नाही आणि मला ते अजिबात आवडत नाही.

बाबांना एवढंच विचारलं, "बरं, मग उतरलात कसे?"

"तुझी आई ओरडली ना," बाबा म्हणाले, "पानं वाढलीत म्हणून."